‘तुमची इम्युनिटी कमी आहे’ असं कुणी म्हटलं की काय करायचं

गेल्या महिन्यात मिरजेहून मावसबहिणीचा फोन आला. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात चार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली होती, रिपोर्टखाली ‘एंडोमेट्रिओमा’ लिहिलेलं, म्हणजे एंडोमेट्रिओसिस या आजारात अंडाशयात होणारी जुन्या रक्ताची गाठ. त्याचं तिला एवढं वाटलं नव्हतं. पाळीतलं दुखणं हे नाटक नव्हे हे एकदाचं कागदावर आलं, म्हणून उलट सुटल्यासारखं झालं होतं. वैतागली होती ती दुसऱ्याच गोष्टीला. “ताई, मेडिकलमध्ये म्हणाले, इम्युनिटी कमी असली की हा आजार होतो. तेराशे रुपयांची पावडर दिलीय. सासूबाई रोज सकाळी गुळवेलीचा काढा हातात देतात. तू लॅबमध्ये आहेस ना, माझी इम्युनिटी चेक करून दे.”

मी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सतरा वर्षं आहे. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, डीएमएलटी, झाल्या झाल्या लागले ते तिथेच. मशीन आलं तरी शंकेच्या स्लाइड डोळ्यांनीच बघाव्या लागतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. गंमत अशी की त्याच पोटात मला स्वतःला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. दुखायला लागलं बाविसाव्या वर्षी, नाव कळलं एकतिसाव्या. मधली नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या पेशी मोजत होते.

बहिणीला फोनवर तुटक तुटक सांगितलं ते इथे नीट लिहिते. मी डॉक्टर नाही. औषध ठरवणं तुमच्या डॉक्टर मॅडमचं काम. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी आणि बसल्यावर काय करायचं, पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, एवढं मला अनुभवानं कळलंय.

आधी ‘कमी’ हा शब्द खोडा

प्रत्येक पाळीत रक्त खाली येतं तसं थोडं उलट दिशेनं, गर्भनलिकांमधून पोटाच्या पोकळीतही जातं. त्या रक्तासोबत गेलेले गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे तिथे रुजतात आणि हा आजार होतो, असं अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडलं. ऐकायला पटतं. पण १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळीच्या सुमाराला दुर्बिणीनं पोटात पाहिलं, तर नलिका मोकळ्या असलेल्या शंभरातल्या नव्वद बायकांच्या पोटातल्या पाण्यात रक्त होतं. आजार मात्र साधारण दहांत एकीला होतो. म्हणजे कचरा जवळपास सगळ्यांच्याच दारात पडतो. बहुतेकींकडे तो उचलला जातो, एखादीकडे राहतो.

उचलणारे कोण, तर रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी. रंगवलेल्या काचेवर या पेशी चटकन ओळखू येतात: आकाराने मोठ्या, राखाडी-निळसर, आणि मधलं केंद्रक घेवड्याच्या दाण्यासारखं दुमडलेलं. शंभर पांढऱ्या पेशींत दोन ते आठ-दहा. या रक्तातून बाहेर पडून पोटात जातात तेव्हा त्यांच्या मॅक्रोफेज होतात. मेलेल्या पेशी, सांडलेलं रक्त खाऊन जागा साफ करणं हे त्यांचं काम.

आता मुद्द्याची गोष्ट. एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईच्या पोटातल्या पाण्यात या मॅक्रोफेज कमी नसतात. जास्त असतात. फक्त खायच्या कामात त्या ढिल्या पडलेल्या असतात आणि भलत्याच कामाला लागलेल्या असतात. जखम झाली की ती भरून काढण्यासाठी शरीर तिथे नव्या रक्तवाहिन्या धाडतं, नवे पेशीसमूह वाढवतं. तेच काम या पेशी चुकीच्या जागी करत बसतात. पालिकेची माणसं अतिक्रमण पाडायला आली आणि जाताना त्याच टपरीला नळ आणि वीज जोडून गेली, असा प्रकार. जोडीला ‘नॅचरल किलर’ नावाच्या पेशी असतात, परक्या किंवा बिघडलेल्या पेशीला मारणाऱ्या. त्यांचाही मारा या आजारात कमी पडतो, हे बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी १९९१ सालीच दाखवलं होतं.

वीज जोडली म्हटलं ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं की मॅक्रोफेजमधून आयजीएफ-१ नावाचा एक घटक सुटतो. तो आजूबाजूच्या मज्जातंतूंना वाढायला लावतो आणि हुळहुळंही करतो. म्हणून एवढ्याशा ठिपक्यानं एखादी जमिनीवर लोळते आणि दुसरीच्या पोटात मोठी सिस्ट असून तिला पत्ता नसतो. आजाराच्या पायऱ्या एक ते चार अशा मोजतात, पण पायरी आणि दुखणं यांचं गणित जुळत नाही. ‘पहिलीच स्टेज आहे की, एवढं काय’ असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

या सगळ्याच्या खाली एक रहाटगाडगं फिरत असतं. सुजेमुळे प्रोस्टाग्लँडिन नावाचं कळा आणणारं रसायन वाढतं. ते त्या रुजलेल्या तुकड्यांना जागच्या जागी इस्ट्रोजेन बनवायला लावतं. इस्ट्रोजेन वाढलं की ते तुकडे पोसतात आणि प्रोस्टाग्लँडिन पुन्हा वाढतं. हे सगळं शांत करणारं प्रोजेस्टेरॉन असतं शरीरात, पण या तुकड्यांवर त्याचं फारसं चालत नाही. पेशी बिघडल्यामुळे सूज आली की सुजेमुळे पेशी बिघडल्या, हा वाद कोंबडी-अंड्यासारखा अजून चालूच आहे. आणि एवढं असूनही एंडोमेट्रिओसिसची गणना ऑटोइम्यून, म्हणजे शरीराच्या पेशी स्वतःवरच उलटण्याच्या आजारांत करत नाहीत.

घरी हे कसं सांगायचं? बहिणीला मी एकच वाक्य पाठ करून दिलं: “आई, शिपाई कमी नाहीत, वाट चुकलेत. खुराक वाढवून ते वाटेवर येणार नाहीत.” सासूबाईंना पटलं म्हणे. निदान गप्प तरी बसल्या.

लॅबमध्ये कशासाठी जायचं, कशासाठी नाही

‘इम्युनिटी चेक’ अशी एक तपासणी नसते. त्या नावानं पॅकेजं विकली जातात. त्यात सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ड जीवनसत्त्व, ॲलर्जीची आयजीई, कधी सुजेची सीआरपी असं काहीबाही बांधलेलं असतं. यातल्या कशावरूनही एंडोमेट्रिओसिस आहे किंवा नाही हे कळत नाही. ज्या पेशींचा गोंधळ चालू आहे त्या पोटाच्या पोकळीत असतात, मी सुई टोचते ती दंडात. माझ्या नऊ वर्षांतला एकही सीबीसी पांढऱ्या पेशींच्या बाबतीत बिघडलेला नव्हता. हिमोग्लोबिन मात्र एकदा साडेआठवर आलं होतं, आणि त्या अर्थानं सीबीसी जरूर करा. रक्त जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, बघणं शहाणपणाचं.

सीए-१२५ या रक्ततपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण यानं मी बायकांना रडताना पाहिलंय. ३५ च्या वर आकडा गेला की रिपोर्टवर तो ठळक छापून येतो. घरी जाऊन मोबाईलवर शोधलं की पहिला शब्द येतो कॅन्सर. पण हा आकडा एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, फायब्रॉइडमध्ये वाढतो, पोटाच्या टीबीत वाढतो, गरोदरपणात वाढतो, नुसत्या पाळीतही वाढतो. आणि एंडोमेट्रिओसिस असून तो नॉर्मलही येतो. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे एश्रेनं, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की निदानासाठी असल्या रक्ततपासण्या वापरू नयेत. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी सांगितली असेल तर करा, फक्त पाळीचे दिवस सोडून या. काउंटरवर आम्ही ते विचारायला हवं. सगळीकडे विचारत नाहीत.

निदानाची वाट सोनोग्राफी, लागली तर एमआरआय, आणि हातानं तपासणारी अनुभवी डॉक्टर. आतून केलेली सोनोग्राफी जास्त दाखवते. लग्न न झालेल्या मुलींची ती सहसा करत नाहीत, मग पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत काही दिसलं नाही की ‘नॉर्मल आहे’ म्हणून पाठवतात. नॉर्मल सोनोग्राफी म्हणजे आजार नाही असं नव्हे. बारीक ठिपके आणि पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेला आजार तिच्यात सहसा दिसत नाही. अशा वेळी एमआरआयचा विषय तुम्ही स्वतः काढा. पूर्वी दुर्बिणीनं बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. आता लक्षणांवरूनही उपचार सुरू करता येतात, हेही त्याच २०२२ च्या सूचनांत आहे.

काढा, पावडर आणि बाकीचं

गुळवेलीबद्दल माझं मत कडक आहे. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळत होती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या यकृततज्ज्ञांना आढळलं, आणि २०२१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. इजेचं स्वरूप ऑटोइम्यून यकृतदाहासारखं होतं, म्हणजे स्वतःच्याच पेशी स्वतःच्या यकृतावर उठलेल्या. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण आपल्या कुंपणावरची वेल नेमकी कुठली हे सासूबाई कशा ओळखणार? आणि पेशींना चेतवणं हा जर तिचा गुण असेल, तर आधीच चेतलेल्या पोटात ती घालायची कशासाठी? थायरॉइडचा किंवा सांध्यांचा ऑटोइम्यून आजार घरात असेल तर मी हातही लावणार नाही. घेतच असाल तर डॉक्टरांना सांगा आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घ्या.

हळद स्वयंपाकातली चालू द्या. हळदीच्या कॅप्सूल वेगळ्या, त्यांचं प्रमाण फोडणीतल्या हळदीच्या कितीतरी पट असतं. ऑपरेशन ठरलं असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्याबद्दल आधी बोला. तेराशेच्या पावडरीचा डबा मी वाचून पाहिला. प्रथिनं, साखर, अश्वगंधा, जस्त. परत करायला लावला.

देणाऱ्याचं मनही मोडू नये, म्हणून बहिणीला एक युक्ती सांगितली. काढ्याऐवजी गरम पाण्याची पिशवी भरून द्या म्हणावं. शेकानं खरोखर कळा कमी होतात.

कुणी पुडीतलं औषध दिलं आणि दोन दिवसांत चमत्कारासारखा फरक पडला तर आनंदू नका. आत स्टिरॉइड असण्याची शंका घ्या आणि पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. लसींबद्दलही विचारतात. या आजारात रोगांशी लढायची ताकद गेलेली नसते, तेव्हा नेहमीच्या लसी यासाठी टाळायचं कारण नाही.

वही

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. चाळीस पानी वही पुरते. ॲप वापरलं तरी हरकत नाही, पण वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडी ठेवता येते.

तारीख लिहा आणि त्याखाली पाळीचा कितवा दिवस ते. दुखणं शून्य ते दहा. कुठे दुखतं ते शब्दांत नसेल जमत तर पोटाचं साधं चित्र काढून फुली मारा. माझ्या वहीत पहिल्या तीन महिन्यांत उजव्या खांद्यावर पाळीच्या दुसऱ्या दिवशी फुल्या आहेत. मी त्याला वर्षानुवर्षं मायक्रोस्कोपवर वाकून बसण्याचा खांदा समजत होते. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर आजार असला तर पाळीत उजवा खांदा दुखतो हे मला डॉक्टरांनी फुल्या बघून सांगितलं. मान वाकवून काम करणाऱ्या बाईचा खांदा पाळीपुरताच कसा दुखेल, एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता, आणि मी म्हणे रोज नमुन्यांत नमुना शोधते.

शौचाला दुखणं, लघवीला दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं, हे तिन्ही लिहा. बोलायला जीभ रेटत नाही, त्यासाठीच तर लिहायचं. गोळी कुठली, किती वाजता घेतली, कधी उतार पडला. किती दिवस कामाला दांडी. हा शेवटचा आकडा डॉक्टर फार गांभीर्यानं घेतात, दहापैकी आठ दुखलं यापेक्षा जास्त.

आणि वहीच्या मागच्या पानावर पाळीशी संबंध नसलेल्या गोष्टी. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली राहतात का. कोपरावर, डोक्यात खवले. गहू खाल्ल्यावर जुलाब. थायरॉइडची गोळी. याचं कारण असं: ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमधल्या फार मोठ्या नोंदींवर केलेला एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. एंडोमेट्रिओसिस असलेल्या बायकांमध्ये संधिवात, सोरायसिस, सीलिअ‍ॅक, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा आजारांची शक्यता ३० ते ८० टक्क्यांनी जास्त आढळली. आकडा वाचून दचकू नका. समजा एखादा आजार शंभरातल्या एकीला होतो, तर इथे तो हजारात दहाऐवजी तेरा ते अठरा जणींना होईल. उरलेल्या नऊशे ऐंशीहून जास्त जणींना नाहीच. एएनएसारख्या ऑटोइम्यून आजारांच्या तपासण्या उगाच करून घेऊ नका, निरोगी माणसातही त्या पॉझिटिव्ह येतात. पण मागच्या पानावर काही जमा झालं तर ते वाचून दाखवा, म्हणजे सांधे एका डॉक्टरकडे आणि पाळी दुसऱ्याकडे अशी आयुष्यभर फाटाफूट होत नाही.

गोळ्या घेताना

वेदनाशामक गोळी नुसतं दुखणं बधिर करत नाही. मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रॉक्सेन, आयब्युप्रोफेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात, म्हणजे त्या रहाटगाडग्यात काठी घालतात. म्हणून त्या आधी घ्यायच्या. ‘अगदीच असह्य झालं की घेईन’ म्हणून दात खाऊन बसलात तर तोवर ते रसायन तयार होऊन बसलेलं असतं. दुखायची चाहूल लागताच, पोटात काहीतरी घालून, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा. मेफेनॅमिक ॲसिडबाबत भारतीय औषधकोश आयोगानं २०२३ च्या अखेरीस सावध केलं होतं. क्वचित कुणाला काही आठवड्यांत अंगभर पुरळ, ताप, गाठी अशी तीव्र प्रतिक्रिया येते. तसं दिसलं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना.

डायनोजेस्ट हे हार्मोनचं औषध आपल्याकडे सर्रास देतात, रोज दोन मिलिग्रॅमची एक गोळी. ती इस्ट्रोजेन खाली आणते आणि सूजही उतरवते. रोज एकाच वेळी घ्यायची, पाळीसाठी मध्ये थांबायचं नाही. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात, त्याला घाबरून बऱ्याच जणी सोडतात. मीही दुसऱ्या महिन्यात सोडली होती, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: ही गर्भनिरोधक गोळी म्हणून धरायची नाही, निरोध वापरायचा. आणि लवकर मूल हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण मग औषधांची वाटच बदलते. सिस्टचं ऑपरेशन ठरत असेल तर आधी एएमएच, म्हणजे अंडाशयातल्या अंड्यांच्या साठ्याची तपासणी, करून घेण्याबद्दल विचारा, सिस्ट काढताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो.

‘लग्न कर, मूल होऊ दे, आपोआप बरं होईल’ हा उपचार नाही. पुढे काही लिहीत नाही.

बातमी आली की

इम्युनिटीचं नाव आलं की दर काही महिन्यांनी बातमी येते आणि ती मला दहा जणी पाठवतात. जपानच्या नागोया विद्यापीठानं २०२३ साली फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू बऱ्याच रुग्णांच्या गर्भाशयाच्या अस्तरात दाखवला, आणि उंदरांना अँटिबायोटिक दिल्यावर गाठी कमी झाल्या. उंदरांना. म्हणून मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणून खायचं नाही. त्याच वर्षी जपानमधूनच इंटरल्यूकिन-८ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणारं इंजेक्शन माकडांवर चाललं. आशा वाटते, पण एक जुनी गोष्टही आठवते. संधिवातावर गुणकारी ठरलेलं इन्फ्लिक्सिमॅब २००८ साली एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्यावर वापरून बघितलं, तेव्हा खोट्या औषधापेक्षा ते काही सरस ठरलं नाही. सुजेचा एक धागा कापला की दुसरा त्याचं काम करतो. आजघडीला या वाट चुकलेल्या पेशींवर थेट काम करणारं मान्यताप्राप्त औषध या आजाराला नाही. तेव्हा ‘इम्युनोथेरपी’ म्हणून कुणी इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलं तर विचारा, ही औषधाची चाचणी, म्हणजे ट्रायल आहे का, नैतिकता समितीची परवानगी कुठली. चाचणीत सहभागी व्हायला पैसे भरायचे नसतात.

आता फाइल. जुने रिपोर्ट तारखेनुसार लावा, सगळ्यात नवा वर. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं असेल तर नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, ऑपरेशनची नोंद, फोटो किंवा सीडी आणि बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्या. बायोप्सीचे ठोकळे आणि स्लाइड लॅबमध्ये काही वर्षं ठेवलेल्या असतात, दुसरं मत हवं तर त्या मिळतात. पाळी नसताना अचानक एका बाजूला जीवघेणी कळ, उलट्या, चक्कर किंवा ताप आला तर फाइल शोधत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा. सिस्ट फुटलेली किंवा पिळलेली असू शकते.

आणि कौतुकानं सोनोग्राफीचे फोटो लॅमिनेट करू नका. तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, लॅमिनेशनच्या मशीनमधून बाहेर येतो तो काळा कुळकुळीत. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बहिणीनं लॅमिनेट करून आणला होता, त्यामुळे तिची सोनोग्राफी आम्ही पुन्हा करून घेतली.